पिवळं कुणाला दिसतं

काविळीच्या माणसाला सगळं जग पिवळं दिसतं, असं आपण किती सहज बोलून जातो. मीही बोलायचे. दादाला कावीळ झाली तेव्हा त्याच्या उशाशी बसून मी खरोखरच विचारलं होतं, "काय रे, सगळं पिवळं दिसतं का?" तो डोळे मिटूनच म्हणाला, "मला काही वेगळं दिसत नाही गं. तुम्हालाच मी पिवळा दिसतोय."

त्या दिवसापासून ती म्हण माझ्या तोंडी येईनाशी झाली. ज्याला कावीळ होते त्याला ती दिसत नाहीच. ती समोरच्याला दिसते, आणि तीही समोरच्याने दिवसाउजेडी नीट निरखून पाहिलं तर. दादाच्या बाबतीत आम्हाला ती दिसायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत त्याचं शरीर काही ना काही सांगत होतं, पण ऐकणारं कुणी नव्हतं.

सुरुवात थकव्याने झाली. कामावर जाताना बुटाची नाडी बांधायला तो पायरीवर बसायचा आणि नाडी बांधून झाल्यावरही उठायचा नाही. दोन-तीन दिवस अंगात कणकण होती, म्हणून तापाच्या गोळ्या घेतल्या. मग अन्नावरची वासना उडाली. जेवणाचा नुसता वास आला तरी पोटात ढवळायचं. "पित्त झालंय," असं तो स्वतःच ठरवून मोकळा झाला. अंगावर काढायची सवय त्याला पहिल्यापासून. एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडली आणि तिचा आम्हाला आनंदच झाला. त्याची सिगारेट सुटली. पेटवायचा, एक झुरका घ्यायचा आणि तोंड वाकडं करून विझवून टाकायचा. वहिनीला वाटलं, इतक्या वर्षांचं आपलं सांगणं फळाला आलं. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की पट्टीच्या ओढणाऱ्याला अचानक धुराची किळस येणं ही यकृताला सूज आल्याची जुनी, ओळखीची खूण आहे.

आणि लघवी. चार दिवस त्याची लघवी कोऱ्या चहासारखी होत होती. त्याला ते दिसत होतं, रोज दिसत होतं. पाणी कमी पडतंय असं समजून तो तांब्येच्या तांब्ये पाणी पीत होता, तरी रंग उतरत नव्हता. पण घरात बोलला नाही. लघवीचा रंग हा का चारचौघांत बोलायचा विषय? बायकोपाशीसुद्धा तो बोलला नाही. मला आजही याचंच सगळ्यात वाईट वाटतं. जी खूण डोळे पिवळे व्हायच्या आधी आली आणि सगळ्यात स्पष्ट होती, ती केवळ संकोचापायी न्हाणीघराच्या दाराबाहेर पडली नाही.

शेवटी कळलं ते एका सुट्टीच्या दुपारी. तो खिडकीशी खुर्चीत बसला होता आणि वहिनी त्याला काहीतरी विचारत होती. उत्तर द्यायला त्याने वर पाहिलं. ती बोलता बोलता थांबली. त्याची हनुवटी धरून तिने चेहरा उजेडाकडे वळवला, बोटाने खालची पापणी ओढली आणि मला हाक मारली, "इकडे ये गं जरा. मला भास होतोय का बघ." भास नव्हता. डोळ्यांचा पांढरा भाग हळद लावल्यासारखा झाला होता. गेले चार दिवस रोज रात्री दिव्याच्या पिवळट प्रकाशात आम्ही त्याच्यासमोर बसत होतो, त्या प्रकाशात ते कधीच दिसलं नसतं.

हा पिवळेपणा येतो कुठून, हे मी नंतर समजून घेतलं. ते कळलं आणि खुणांचा क्रम मनात पक्का बसला. आपल्या रक्तातली तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. ती मोडली की तिच्यातल्या तांबड्या रंगद्रव्यापासून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. ते रोजच तयार होतं, तुमच्या-माझ्या शरीरात आत्ताही होतंय. यकृत ते उचलतं, पाण्यात विरघळेल असं करतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. शौचाचा तपकिरी रंग त्याच्यापासूनच येतो. यकृताच्या पेशी सुजल्या की हा निचरा तुंबतो. विरघळणारं झालेलं बिलिरुबिन माघारी रक्तात येतं आणि मूत्रपिंडं ते गाळून बाहेर टाकतात. म्हणून लघवी गडद होते आणि शौच मातकट, फिकट होतं. त्वचेला खाज सुटते ती पित्ताचा निचरा अडल्यामुळेच. रक्तात बिलिरुबिन एरवी एका डेसिलिटरमागे साधारण एक मिलिग्रॅमच्या आत असतं. ते अडीच-तीनपर्यंत चढल्याशिवाय डोळ्यांत रंग दिसत नाही. लघवी त्याच्या आधीच बोलायला लागलेली असते.

काही गोळ्यांनीही लघवीचा रंग बदलतो. पाणी कमी प्यायलं तर ती गडद होते, पण मग पाणी पोटात गेल्यावर उतरते. दिवसभर पाणी पिऊनही कोऱ्या चहाचा रंग हटत नसेल आणि सोबत अन्नावर मन नसेल, तर डोळे पिवळे व्हायची वाट पाहायचं काही कारण नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

डॉक्टरांनी दादाच्या उजव्या बरगडीखाली हात ठेवून त्याला खोल श्वास घ्यायला लावला, तसा तो कळवळला. यकृताला आतून दुखत नाही म्हणतात. सुजलं की त्याच्यावरचं आवरण ताणलं जातं आणि ते दुखतं. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा एसजीपीटी 1,840 होतं. ते साधारण चाळीसच्या आत असायला हवं. वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टर मात्र त्या आकड्यावर फार रेंगाळले नाहीत. त्यांनी बोट ठेवलं खालच्या एका छोट्या आकड्यावर, आयएनआरवर. म्हणाले, "एसजीपीटी किती पेशी मोडल्या ते सांगतं. उरलेलं यकृत काम करतंय का, ते हे सांगतं." रक्त गोठवणारी बहुतेक द्रव्यं यकृतच बनवतं. ते थकलं की रक्त गोठायला वेळ लागतो आणि हा आकडा चढतो. दादाचा तो आकडा ठीक होता. पुढे कधी एसजीपीटी झपाझप खाली आलं आणि आयएनआर मात्र वर गेला, तर ती सुधारणा समजायची नाही, हेही त्यांनी तेव्हाच बजावलं. मोडायला पेशीच उरल्या नाहीत तरी एसजीपीटी उतरतं.

तपासणीत हिपॅटायटिस ए निघाला. दूषित पाण्या-अन्नातून पोटात गेलेला विषाणू, बहुधा काही आठवड्यांपूर्वी. त्याला मारणारं औषध नाही. शरीरच त्याला हटवतं आणि तो कायमचा मुक्काम करत नाही. घरात लहान मुलं होती म्हणून आम्ही लगेच दादाचं सगळं वेगळं करायला घेतलं. मग कळलं की हा विषाणू शौचावाटे सगळ्यात जास्त बाहेर पडतो तो कावीळ दिसायच्या आधीच्या दोन आठवड्यांत. आपण जागे होतो तेव्हा तो बराचसा पसरून झालेला असतो. संपर्क आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत लस घेतली तर उपयोग होतो, म्हणून घरातल्या सगळ्यांनी ती घेतली. साबणाने हात धुणं तर होतंच. सहा वर्षांखालच्या मुलांना हा आजार बहुतेक वेळा काही खूण न दाखवता होऊन जातो. मोठ्यांना मात्र आडवं करतो.

वहिनीला डॉक्टरांनी बाहेर नेऊन जे सांगितलं ते मी शब्दन् शब्द ऐकलं. "रंगाकडे बघू नका, तो अजून वाढेल. त्यांच्या बोलण्याकडे लक्ष ठेवा." दिवसा झोप आणि रात्री टक्क जाग, विचारलं एक नि उत्तर भलतंच, हात पुढे धरायला लावले तर पंखासारखे फडफडणारे पंजे, हिरड्यांतून रक्त, अंगावर आपोआप उठणारे काळेनिळे डाग, न थांबणारी उलटी. यातलं काहीही दिसलं तर सकाळ होऊ द्यायची नाही, सरळ मोठं रुग्णालय. यकृत निकामी होऊ लागलं की रक्तातली घाण मेंदूपर्यंत पोहोचते, आणि तिथून माणूस तासांच्या हिशोबाने हातातून जाऊ शकतो. आपल्या मनाने एकही गोळी द्यायची नाही, हे तर त्यांनी दोनदा सांगितलं. तापाची साधी पॅरासिटामॉलसुद्धा जास्त झाली तर यकृत जाळते, आणि आजारी यकृताला तर विचारल्याशिवाय द्यायचीच नाही. दारू बंद. कुणी सांगितलेला पाला नाही, काढा नाही. जे पोटात जातं ते शेवटी याच दाराने जातं. बाकी जेवणावर कसलीही सक्ती नव्हती. पोटात राहील ते थोडं थोडं खावं, एवढंच.

त्यानंतर दोन आठवडे वहिनी रात्री दोनदा उठायची. दादाला हलवून विचारायची, "आज वार कोणता? धाकटीचा वाढदिवस कधी असतो?" तो झोपेत खेकसायचा, "गुरुवार! झोपू दे मला." तो नीट खेकसला की ती निवांत होऊन आडवी व्हायची. तिच्या त्या दोन प्रश्नांइतकी चोख शुश्रूषा मी दुसरी पाहिलेली नाही. दादा दीड महिन्यात कामाला लागला. थकवा मात्र जायला आणखी बरेच दिवस लागले.

त्यानंतर मला जणू एक दृष्टी आली. कुणी दमलंय म्हटलं की मी त्याला खिडकीशी नेऊन डोळे बघायचे. लघवीचा रंग न लाजता विचारायचे. आता यकृताच्या खुणा आपल्याला पाठ झाल्या, असं मला खरोखरच वाटत होतं.

तीन वर्षांनी मी गरोदर राहिले. पहिल्या तपासण्यांचा कागद हातात आला, त्यात एक ओळ होती: एचबीएसएजी पॉझिटिव्ह. हिपॅटायटिस बी.

मला काहीही होत नव्हतं. भूक चांगली, डोळे स्वच्छ, लघवी साफ. पाठ केलेल्या खुणांपैकी एकही माझ्या अंगावर नव्हती. मी डॉक्टरांना म्हटलं, रिपोर्ट बदलला असेल. त्यांनी पुन्हा रक्त घेतलं. तेच आलं.

हिपॅटायटिस म्हणजे नुसती यकृताची सूज, त्याचं कारण त्या शब्दात नसतं. दारूने येते, औषधांनी येते, शरीराच्या स्वतःशीच चाललेल्या भांडणातून येते, आणि पाच विषाणूंनीही येते. ए आणि ई पाण्या-अन्नातून. त्यातला ई गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत फार घातक, म्हणून मला पाण्याबद्दल कडक ताकीद मिळाली. बी, सी आणि डी रक्तावाटे येतात. बी शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाकडेही जातो. डीला जगायला बी लागतोच. हे सगळं मी त्या आठवड्यात वाचून काढलं. पण मला हलवलं ते एका वेगळ्या गोष्टीने. बीचा विषाणू स्वतः यकृताच्या पेशी फारशा मोडत नाही. त्याला हुसकायला आपलीच प्रतिकारशक्ती तुटून पडते, त्या मारामारीत पेशी मरतात आणि कावीळ होते. धडधाकट मोठ्या माणसाला तो झाला तर बहुतेक वेळा ही लढाई होते आणि जिंकलीही जाते. शंभरातल्या पाचांहून कमी जणांत तो मागे राहतो. पण नुकतं जन्मलेलं बाळ त्याला शत्रू म्हणून ओळखतच नाही. लढाई नाही, म्हणून ताप नाही, पिवळेपणा नाही. जन्मावेळी लागण झालेल्या दहांतल्या नऊ बाळांत तो कायमचा राहून जातो. पुढे वीस-तीस-चाळीस वर्षं तो आतल्या आत यकृताला वण पाडत बसतो, आणि काही जणांत एकदम यकृत आकसल्याची किंवा कर्करोगाचीच बातमी येते.

म्हणजे माझ्याकडे तो आला असेल तो बहुधा जन्मताच. आईची तपासणी केली. तिलाही निघाला. दादाला नव्हता. त्याच्या आजारपणातच ती तपासणी झाली होती. एकच आई, दोन लेकरं, एक वाचलं नि एक नाही. का, याला उत्तर नाही.

2022 सालच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांत जगात 25 कोटी 40 लाख माणसं बी घेऊन जगत होती, आणि त्यांतल्या फक्त 13 टक्क्यांना ते ठाऊक होतं. हे वाचताना मला आईचा चेहरा दिसला. साठीची बाई, कधी आजारी पडली नाही. सोनोग्राफी आणि यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी केली, तर तिच्या यकृतावर वण धरायला लागले होते. वेळेत सापडलं. रोजची एक गोळी सुरू झाली, आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. गोळी विषाणूला घालवत नाही, दाबून ठेवते, आणि यकृत हळूहळू सावरतं. सीचं उलटं आहे, त्याला लस नाही पण आठ-बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले 95 हून जास्त लोक पूर्ण बरे होतात.

आईने मात्र दुसऱ्याच दिवशी स्वतःचं ताट, वाटी, पेला वेगळा काढला. जिन्याखालच्या फळीवर एका फडक्यावर पालथा घालून ठेवायची. मी चिडले, समजावलं. ताटातून, पेल्यातून, मिठी मारल्याने, एकत्र जेवल्याने बी जात नाही. जातो तो रक्ताने. दाढीचं पातं, दात घासायचा ब्रश, नखं काढायचं यंत्र, टोचायची सुई हे वेगळं हवं, कारण वाळलेल्या रक्तातही हा विषाणू किमान सात दिवस तग धरतो. बाकी घरात सगळ्यांना लस दिली की भीती उरत नाही. ती ऐकून घ्यायची आणि ताट तिथेच ठेवायची. एका रात्री दिवा मालवल्यावर अंधारात म्हणाली, "मीच दिलं ना तुला ते?"

मला पटकन काही सुचलं नाही. मग मी तिला बारूख ब्लुमबर्ग यांच्याबद्दल सांगत बसले. या विषाणूचा पहिला माग त्यांच्या हाती 1965 च्या सुमारास लागला, पहिली लस 1981 साली मंजूर झाली, आणि जगभरच्या बाळांना ती सरसकट मिळायला त्यानंतरही कितीतरी वर्षं गेली. त्यांचा वाढदिवस 28 जुलै, तोच आता जागतिक हिपॅटायटिस दिन. "तुला कुणी तपासलंच नाही आई, आणि मला टोचायला तेव्हा कुणाच्या हातात काही नव्हतं." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझ्या बाळाला आहे ना टोचायला?"

होतं. माझ्या रक्तातलं विषाणूचं प्रमाण जास्त निघालं, म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत मलाही गोळी होती. मुलगी झाली तेव्हा नर्सबाईंनी बारा तासांच्या आत तिच्या दोन मांड्यांत दोन इंजेक्शनं दिली, एक लसीचं आणि एक तयार प्रतिपिंडांचं. इतक्या इवल्या मांड्या, की दुसऱ्या सुईला मी तोंड फिरवलं. आई मात्र दोन्ही वेळा नीट बघत उभी होती. अंगावर पाजायला कसलीच आडकाठी नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईने बाळाला खिडकीशी नेलं आणि तिथूनच, श्वास कोंडल्यासारख्या आवाजात म्हणाली, "पिवळी दिसतेय गं." माझ्या पोटात गोळा आला. बाळांच्या डॉक्टरांनी येऊन पाहिलं, मोजलं, आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला. ही ती कावीळ नव्हे. नवजात बाळाच्या तांबड्या पेशी भराभर मोडतात आणि यकृत अजून कामाला सरावलेलं नसतं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरीच बाळं पिवळी होतात. पहिल्याच दिवशी झाली असती, किंवा शौच पांढरट झालं असतं, तर गोष्ट वेगळी. "पण बघितलंत ते छान केलंत आजी," ते म्हणाले. आठवड्याभरात रंग उतरला.

सगळ्या लसी झाल्यावर दहाव्या महिन्यात तिचं रक्त तपासलं. विषाणू नाही, संरक्षण भरपूर. मी तो कागद आईला वाचून दाखवला. तिने परत वाचायला लावला. मग चष्मा लावून स्वतः पाहिला, इंग्रजी तिला येत नाही तरी.

त्या संध्याकाळी ती फोन घेऊन बाहेर जाऊन बसली. तिला दोन धाकट्या बहिणी. त्यांच्याही रक्तात तेच असू शकतं हे डॉक्टरांनी वर्षभरापूर्वीच सांगितलं होतं, पण आजवर तिला ते त्यांच्यापाशी काढवलं नव्हतं. हातात चिठ्ठी होती, तपासणीचं नाव मी मोठ्या अक्षरांत लिहून दिलेलं. दाराआडून मला तिचंच बोलणं ऐकू येत होतं. सुनांची चौकशी झाली, गुडघ्यांची झाली. मग थोडा वेळ शांतता. मग तिने चिठ्ठीवरचं नाव एकेक अक्षर लावत वाचलं. पलीकडून मावशीने काय विचारलं असेल ते मला आईच्या उत्तरावरून कळलं.

"नाही गं, मला काहीच होत नाहीये. काहीच होत नाही, म्हणून तर सांगतेय तुला."